खाडी आटली तेव्हा

हसू नका, पण पाणी आटताना दिसलं की आमचा दुष्काळी जामखेडचा माणूस स्वस्थ बसत नाही. लढाईच्या दिवसांत नगरच्या लष्करी गोदामात माझ्याबरोबर सखाराम नावाचा कोकणातला कोळी होता. "आश्विनात पाणी निवळलं की मासळी खाडीत शिरते, चल," म्हणून त्यानं मला गावी नेलं.

सकाळी घरासमोरची खाडी काठोकाठ. जेवून तो झोपला. मी बाहेर येऊन बघतो तर पाणी निम्म्यावर, होड्या चिखलात कलंडलेल्या! धावत जाऊन मी घरातले हंडे, कळश्या, सगळं भरून आणलं आणि त्याला हलवलं.

"सखाराम, ऊठ! खाडी आटली! गावलं तेवढं पानी भरून ठिवलंय."

त्यानं हंड्यातलं बोटभर चाखलं आणि पोट धरून हसला. "अरे, खारं आहे ते! आणि आटली कुठं? ओहोटी आहे. संध्याकाळी पाणी परत येईल."

"परत? कोन आननार?"

"आपोआप येतं. रोज दोनदा."

माझा विश्वास बसेना. मी काठावर जाऊन बसलो. संध्याकाळी पाणी खरंच आलं, माझ्या पायाला लागलं. सखाराम घरातून ओरडला, "ये रे, मासे गार होतायत!"

मी म्हटलं, "थांब जरा. गेलेलं पानी माघारी येताना आमी कदी बगितलं न्हाई."