भाविकाचं एक पान

जयवंती : नाय नाय, आधी माझं ऐका, मंग तुमचं. बसा त्या पालथ्या टोपलीवर.

अर्चना : मावशी, मला पाचची बोईसरची गाडी गाठायचीय. उद्याचं थोडं बोलायचं होतं.

जयवंती : ते पण बोलू. मी बोंबील टांगता टांगता बोलते, राग नका मानू. अवो बाई, आमची भाविका वाचाय लागली!

अर्चना : म्हणजे... उन्हाळी वर्गात अजून खूप अडखळते ती.

जयवंती : अडखळू दे. चौथी झाली तरी पोरीला एसटीवरची पाटी वाचता येत नव्हती. नि काल तुमच्या वर्गाचं पुस्तक घेऊन इथं बसली. तिचं एक पान सरेपर्यंत माझी अख्खी दांडी बोंबलांनी भरली!

अर्चना : पूर्ण पान वाचलं?

जयवंती : पूर्ण! मधीच कावळे हाकलाय उठायची, परत येऊन बोट ठेवून तिथनंच सुरू. मला वाचता येत नाय ना, म्हणून मला ती हळू वाटत पण नाय.

अर्चना : वर्गात एका ओळीपुढे जातच नाही. बाकीची मुलं हसतात.

जयवंती : तरी तुमी तिला रोज पुढं बसवता. घरी येऊन सांगते ना ती. फी नाय, काय नाय, नि एवढ्या उन्हात बोईसरवरनं येता. तुमचे उपकार कसे फेडू मी?

अर्चना : असं नका हो बोलू.

जयवंती : बोलणार! उद्या पालघरचे पाहुणे येणार ना वर्ग बघायला? मी बाजाराला जाणारच नाय. ठेवणीतलं पातळ नेसून मागं उभी राहणार.

अर्चना : मावशी, ऐका ना...

जयवंती : मागं एका शिकवणीला घातलेली तिला. कोण मोठा माणूस यायचा असला की तिथल्या बाई निरोप धाडायच्या, आज भाविकाला घरीच ठेवा. मघाशी तुमी येताना दिसलात, तवा भ्यालेच मी. म्हटलं, ह्या पण तेच सांगतात की काय.

अर्चना : मी तेच सांगायला आले होते.

(जयवंतीचे हात थांबतात.)

अर्चना : त्यांना वर्ग पसंत पडला तरच पुढच्या उन्हाळ्यात इथं वर्ग मिळणार आहे. मला वाटलं, हिच्यामुळे बाकीच्यांचं नुकसान नको. चुकलं माझं. फार लाज वाटतेय मला.

जयवंती : त्या बाई निरोप धाडायच्या. तुमी स्वता आलात, नि तोंडावर खरं बोललात.

अर्चना : रागवा हो माझ्यावर.

जयवंती : कशी रागवू? माझ्या पोरीला वाचाय कोणी शिकवलं? आता तुमीच सांगा, उद्या धाडू का नको?

अर्चना : कुठंय ती?

जयवंती : ती काय, तिकडं कावळ्यांच्या मागं. भाविका, ये गो इकडं!

भाविका : काय गो आये? अगोबाई, ताई तुमी?

अर्चना : भाविका, उद्या पाहुण्यांसमोर पहिलं पान तू वाचायचं.

भाविका : मी? मला जाम वेळ लागंल, ताई. ते साहेब लोक थांबतील तवर?

अर्चना : थांबतील. त्यांचा चहा तुझं पान संपल्यावरच येईल.