घोडीचे थेंब

सीडरच्या झाडांचे पराग उडून डोळे खाजू लागले की आमच्या टेक्सासमधल्या गावात औषधाच्या दुकानात रांग लागते. त्या दिवशी माझ्यापुढे डेल्बर्ट आणि त्याची थोरली बहीण नडीन उभे होते.

“सगळं गाव डोळे चोळतंय, तुझे मात्र स्वच्छ! काय घालतोस रे?”

“घोडीचे थेंब. तिच्या डोळ्यासाठी आणलेले, त्यातले उरले होते. नाताळपासून रोज घालतोय.”

“घोडीचे?”

“जनावरांच्या डॉक्टरनेच दिलेत, ताई. विष थोडंच आहे!”

“बघू ती बाटली. अरे मेल्या, यात स्टेरॉइड आहे!”

“असू दे की. खाज लगेच थांबते.”

“डोळ्यातला दाब वाढतो त्याने! वॉल्टर असाच मनाने घालत राहिला आणि त्याचा डोळा गेला. विसरलास?”

“भावोजींचा डोळा... यानेच?”

“मग कशाने? तुला दिसतंय ना नीट?”

“मला दिसतंय गं.”

“मला म्हणजे? आणखी कुणाला घातलेस?”

“टेसीला. रात्रभर डोळे चोळायची पोर, बघवेना मला.”

“डेल! सात वर्षांची नात आहे ती तुझी! चल, सोड रांग. शाळेतून तिला घेऊ आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ.”

“ताई, परवा ती म्हणाली, आजोबा, फळा धुरकट दिसतो. मी म्हटलं, चष्मा घेऊ.”