निळ्या कोटाची पाठ

माहं नाव धर्मपाल, पन वर्ध्याजवळ सिंदी मेघेत धर्मपाल म्हनून विचारान तर कोनी सांगनार नाई, लिफ्टवाल्या भाऊचं घर विचारा, मंग शेंबडं पोट्टंही आनून सोडते. मूळचे आमी गिरडकडचे. गिरडच्या टेकडीवर दर्ग्यापाशी उभं राह्यलं का खाली जे वावरं दिसते त्याच्या पल्याड आमची वस्ती. तठीच माहा बाप जन्मला, तठीच मी, अन् बापानं जिनात, म्हंजे सरकी काढाच्या कारखान्यात, कापसाचे बोजे वाहू वाहू मले शिकवलं. शिकवलं म्हंजे त्यानं शिकवलं, मी शिकलो नाई ते वेगळं. मंग एका दवाखान्यात लिफ्टवर लागलो. स्टुलावर बसाचं, बटन दाबाचं. जिंदगीभर लोकायले वर नेलं, खाली आनलं, मी आपला जागच्या जागी. काय सांगू तुमाले, हे पोट मी खाऊन कमावलं नाई, बसून कमावलं आहे.

नोकरी लागली तसं लग्न जमलं. बाप म्हने, नवरदेव कोटात पाह्यजे. आत येता येता तुमी भिंतीवरचा फोटो पाह्यलाच असन, निळा कोट, खिशाले पेन. बापाचं म्हननं एकच, ज्यानं आपल्याले मानूस केलं त्याच्यावानी माहा पोट्टा एकदा तरी दिसला पाह्यजे. सोता तो धोतर अन् बंडीच्या पुढं कधी गेला नाई. कापड आनाले एकटाच वर्ध्याले गेलता, मले नेलं नाई, म्हने तुले रंगातलं काई समजत नाई. कोट शिवून आला, मी घातला, तर बाप म्हने, फिर. मी फिरलो. म्हने, अजून फिर. मंग पाठीवर हात ठेवून म्हने, मांगून साहेब दिसते बे तू. मी म्हनलं, अन् समोरून? म्हने, समोरून तूच दिसते.

तो कोट मी लग्नात घातला, जयंतीले घातला, दरवर्षी दसऱ्याले घातला. पोट वाढलं तशी शिवन उसवून आत दाबलेलं कापड काढलं, मंग अजून काढलं. एका सालात बटन लागनंच बंद झालं, तवा डांबराच्या गोळ्या टाकून कोट पेटीत ठेवला. ठेवला तो ठेवलाच.

आता मी रिटायर झालो, अन् इकडं बुढ्या बापाची याद गेली. म्हंजे जिनातल्या मुकादमाचं नाव सांगते, बैल कोनत्या पायानं लंगडत होता ते सांगते, अन् मले म्हनते, पाहुने, कोन्या गावचे तुमी? जेवून जाजा. पयले पयले मी हासलो. मंग एक रोज बुढा कुसुमले, म्हंजे माह्या बायकोले, हळूच म्हने, बाई, हा पाहुना लय दिवस झाले जात नाई वो, अन् खाते बी लय. कुसुम म्हने, मामाजी, मी बी तेच पाहून राह्यली, काय करता, सहन करा. अशी माही बायको.

तिनंच कोट काढला पेटीतून. म्हने, अवो, हा काय अंडे देनार आहे का आत बसून? दारात भांडेवाली आलती, जुने कपडे घेऊन भांडे देनारी. तिनं कोट उचलला, झटकला, नाक मुरडलं. म्हने, साडी असन तर द्या, हे कोन घालते आता? पीठ चाळाची एक चायनी देते. मी म्हनलं, बाई, सूटिंगचं कापड आहे, निदान वरन शिजवाले गंज तर दे. अन् मी भैताड त्या गंजासाठी भांडून राह्यलो, तेवढ्यात मांगून खाटेवरून आवाज आला, धरम्या! आला का बे?

वर्षभरात त्यानं माहं नाव घेतलं नव्हतं. मी वळून पाह्यलं, तो मले नाई, भांडेवालीच्या हातातल्या कोटाले पाहून राह्यलता. मी कोट हिसकला, घाईघाईत एक हात घातला, दुसरा काई जाईना, तसाच एक बाही लोंबवत खाटेपाशी गेलो. बुढ्यानं एकदा पाह्यलं अन् बोंबलला, धरा वो, पाहुना माह्या पोट्ट्याचा कोट घेऊन पळून राह्यला! भांडेवाली बी घाबरली, चायनी इथंच सोडून गेली. ते पाहा, खुंटीले टांगली आहे.

मंग मी ठरवलं, कोट अंगात बसलाच पाह्यजे. सकाळी सेवाग्रामच्या रस्त्यानं चालाले लागलो. चालाचो मस्त, पन परत येताना तर्री-पोह्याचा ठेला लागाचा, तर दोन प्लेट खाऊन ऑटोनं घरी याचो. कारल्याचा रस पेलो, त्याच्यानं भूक दुप्पट लागे. कोट होता तठीच राह्यला, पायजमा तेवढा घट्ट झाला.

शेवटी टेलर चाचाकडं गेलो. चाचानं अस्तर उघडून पाह्यलं, म्हने, भैया, अंदर का सब कपडा तो तुम खा गए. मंग म्हने, एक काम होते, फोटो स्टुडिओतला कोट कसा राह्यते? मांगून चिरलेला. कोनाच्याही अंगात बसते. मी म्हनलं, चिरा. त्यानं मानेपासून खालपर्यंत चिरला, दोन्हीकून नाड्या लावून देल्ल्या. आरशात पाह्यलं तर समोरून नवरदेव, अन् मांगून ऑपरेशनले चाललेला पेशंट. तसे मांगून उघडे पेशंट जिंदगीभर माह्या लिफ्टमधून गेले, आता माहा नंबर.

पन खरं सांगतो, तसा कोट घालून खाटेपाशी गेलो अन् बुढा उठून बसला. म्हने, आला का धरम्या? लिफ्ट बंद केली ना बराबर? अन् माहा हात धरला. काय सांगू तुमाले. मंग रोज संध्याकाळी मी कोट घालून जावो, वरन-भात चारावो, अन् निंगताना पाठ न दाखवता उलट्या पायानं बाहेर यावो. एक खेप पान्याच्या घागरीवर आपटलो. कुसुम म्हने, राजाच्या दरबारातून आले का?

असंच चाललं असतं. पन एक रोज बुढा माह्याकडं लय वेळ पाहत राह्यला अन् म्हने, फिर.

मी म्हनलं, बा, राहू दे, जेव आंगोदर. म्हने, फिर बे. कुसुम दारात उभी होती, हातात पळी. फिरलो.

त्याचा हात बनियनवर लागला. चिरलेल्या काठावरून त्यानं हात वरून खाली नेला. मंग दोन्ही काठ धरून जवळ ओढले, कापसाची गठान बांधते तसे, ते येईनात, अजून ओढले. मंग हळू आवाजात म्हने, कापड कमी आनलं म्या. दुकानवाला म्हनत होता, जास्त घ्या, म्या ऐकलं नाई. मी म्हनलं, बा, कापड लय होतं गा, मीच फुगलो. तो ऐकते का? म्हने, येवढा कापूस वाह्यला या पाठीवर, अन् पोट्ट्याच्या पाठीपुरतं कापड नाई झालं माह्याच्यानं. अन् रडाले लागला.

सकाळी इसरला. म्हने, पाहुने, चहा पेले का?

चाचाकडून मांगं निळा तुकडा लावून आनला. बुढ्यानं हात लावल्या लावल्या ओळखलं, म्हने, हे माहं कापड नोहे, काढ. काढलं.

आता तुमीच सांगा, काय करू या कोटाचं? नाई घातला तर मी पाहुना. घातला तर पोरगा, पन मंग तो फिर म्हनते, अन् रडते. कुसुम म्हनते, तुमीच ठरवा, बाप तुमचा आहे. मी लिफ्टवाला, लोक सांगन त्या मजल्यावर नेनारा, मी काय ठरवू? कोनत्या दिवशी घालतो, कोनत्या दिवशी हिंमत होत नाई.

घातला त्या दिवशी रडून झाल्यावर तो माह्या पाठीवर हात ठेवते अन् म्हनते, पुढच्या खेपेले जास्त आनीन, तू खात-पीत जाजो, कापडाची फिकर नको करू. मी म्हनतो, हो बा. अन् आता त्यानं सारं पाह्यलेलंच आहे, तरी उलट्या पायानंच बाहेर येतो.