तकीदादाचा पट्टा आणि पाठीवरचा बर्फ

नाही, पण मी म्हणतो, गावात सतरा तरणी पोरं, कुणी दिवसाला चार शब्द बोलणारा, कुणी तेवढेही नाही, आणि बर्फ वाहायला निवडलं कुणाला, तर मला. मला, इशाकला, ज्याच्याबद्दल आई सांगते की हा पाळण्यात झोपेतसुद्धा बडबडायचा. आणि बर्फाचा नियम काय? एकदा उचलला की बोलायचं नाही, टेकायचं नाही. काळ्या हिमनदीचा तुकडा, म्हणजे नर, तो एकाच्या पाठीवर, पांढरीचा, म्हणजे मादीचा, दुसऱ्याच्या, दोन दिवस चालायचं, आणि गावाच्या वरच्या सावलीतल्या खड्ड्यात दोघांना कोळशात-भुशात शेजारी निजवून त्यांचं लग्न लावायचं, की तिथे नवी हिमनदी धरते आणि आमच्या जर्दाळूंना पाणी मिळतं. वाटेत वाहणाऱ्याच्या तोंडून एक शब्द निघाला, लग्न मोडलं. टोपली जमिनीला लागली, लग्न मोडलं. बोलायचं नाही, टेकायचं नाही.

बरं, माझं नाव दिलं कुणी? तकीदादाने. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने. भर मशिदीसमोर म्हणाला, "इशाकला घ्या, दोन दिवस गावाला शांतता मिळेल," आणि सगळे हसले, मीही हसलो, कारण दुसरी टोपली तो स्वतः घेणार होता, म्हणजे शेजारी तोच. आणि मग काय केलं त्याने? परदेशी पाहुण्यांचं सामान घेऊन त्याच काळ्या हिमनदीवर गेला, पायाखालचा बर्फ फाटला आणि खाली. दोर सोडले, हाका मारल्या, दोन दिवस. मिळाला नाही. आज तीन आठवडे झाले. तुम्हाला सांगतो, गप्प बसायची ही काय पद्धत झाली?

आई म्हणाली, जाऊ नकोस. बर्फ लावण्यातले आमचे जाणते आजोबा, आपो शबान, तेही म्हणाले, दुसरा बघू. मी म्हटलं, दादाने नाव दिलंय, मीच जाणार. दादाच्या जागी कुर्बानला घेतलं. कुर्बान म्हणजे असा प्राणी की त्याला मुलगा झाला ते शेजाऱ्यांना बारशाला कळलं.

तर पोचलो काळ्या हिमनदीवर. बर्फ फोडला, गवतात गुंडाळला, टोपलीत भरला. आपो म्हणाले, "इशाक, उचलायच्या आधी काय बोलायचं ते बोलून घे. तो इथेच आहे कुठेतरी." आणि मी ठरवून आलो होतो हो... सांगायचं होतं की आईने तुझे बूट अजून दाराशीच ठेवलेत, सांगायचं होतं की तुझं जाकीट मीच फाडलं होतं आणि नाव बकरीचं घेतलं होतं... पण तेवढ्यात आपोंना टोपलीचा पट्टा दिसला.

"हा कुजलाय. नवा लाव."

"हा दादाचा आहे."

"म्हणून काय कुजायचा थांबतो?"

झालं, डोकं फिरलं माझं. म्हटलं, "हाच लावणार, बघतो कोण अडवतंय ते," आणि तावातावाने टोपली पाठीवर घेतली. घेतली, आणि आपोंनी ओठांवर बोट ठेवलं.

संपलं. भावाच्या डोक्यावर उभा राहून मी शेवटचं काय बोललो, तर पट्ट्यावरून भांडलो. बोलायचं नाही, टेकायचं नाही.

मग चाललो. पुलापाशी कुर्बान पांढरा बर्फ घेऊन आला. बर्फ वितळतोय, पाणी पाठीवरून थेट पायजम्यात, आणि पुढे आपो, ज्यांना बोलायला बंदी नाही, ते आपल्या चारही सुनांची गाऱ्हाणी सांगतायत, आणि मला दोन सुनांबद्दल मोठी चांगली उत्तरं सुचतायत, काय करणार? रात्री टोपल्या झाडाला टांगून झोपायचं, तेही तोंडावर फडकं बांधून, कारण माझ्या झोपेचा भरवसा कुणाला? सकाळी खालच्या वाडीत हलीमामावशी आडवी आली. "तकीचा भाऊ ना तू? बाळा, झालं तरी कसं रे?" मी मान खाली घातली. "अरे, विचारतेय मी." मी मान आणखी खाली घातली. "बघा, भाऊ गेला आणि याला माज आलाय." आता हिला कोण सांगणार, आणि कसं?

त्यापुढे लाहोरचे पर्यटक, नवरा-बायको, हातात दोन-दोन काठ्या. नवरा विचारतो, "भाऊ, हिमनदी किती लांब?" मी पाठीकडे बोट दाखवलं. खोटं काय होतं त्यात? तो बायकोला म्हणाला, "मुका आहे बिचारा," आणि मग मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, "दोन, मिनिटं, खाली, ठेव." अहो, मुका म्हणता ना, मग ओरडता कशाला? मी मान हलवतोय, नाही, नाही, आणि त्या भल्या माणसाने मागून टोपलीला हात घालून मदत म्हणून ओढली, आणि दादाचा पट्टा... तुटला.

मी गर्रकन वळून टोपली मिठीत धरली आणि उताणा पडलो हो. मुद्दामच पडलो, टोपली पोटावर घेऊन, उलट्या पडलेल्या किड्यासारखे हातपाय वर. जमिनीला नाही लागू दिली. पण तुटलेला पट्टा तोंडापाशी आला, त्याला दादाच्या घामाचा वास होता, आणि मग जे व्हायचं ते तीन आठवड्यांनी झालं. त्यातही मी आपोंकडे बघून हाताने खूण केली, हे चालतं का?

आपो म्हणाले, "रडणं चालतं. आवाज नको."

आता आवाज न करता कसं रडायचं, मला तर आवाजाशिवाय जेवतासुद्धा येत नाही. पण रडलो. कुर्बानने उभ्याउभ्याच कमरेचं फडकं सोडलं, माझ्या टोपलीला बांधलं, बाहीने माझं नाक पुसलं आणि पुढे चालू लागला.

दुपारी पोचलो. दोन्ही बर्फ खड्ड्यात निजवले, वर कोळसा, भुसा, माती. आपो म्हणाले, "बोल आता." आणि तुम्हाला सांगतो, मला काही सुचेना. इतकंच विचारलं, "आपो, धरलं की नाही ते कधी कळेल?"

"बारा वर्षांनी."

"काळा तुकडा दादाच्या हिमनदीचा आहे. मी रोज इथे येऊन बोललो तर लग्नाला काही होईल?"

आपोंनी हातांची माती झटकली. म्हणाले, "तकीने तुला वीस वर्षं ऐकलं. आणखी बारा काढेल."

म्हणजे बघा... एवढा खोल जाऊनही बिचारा सुटला नाही.