आत्याने कुठून सुरुवात करावी

दाढ काढायला आलेल्या ड्रायव्हरचा अर्धा जबडा इंजेक्शनने बधिर झाला होता, पण कान ठणठणीत होते. समोरच्या बाकावर साठीची आत्या आणि तिची भाची बसल्या होत्या.

"सुपरहिरोंची कॉमिक्स वाचायला कुठून सुरुवात करू गं? ह्यांच्याकडे कपाटभर आहेत."

"ह्यांच्याकडे? आत्या, लग्न अजून ठरायचंय!"

"म्हणून तर वाचतेय. काल मधलाच एक अंक ओढून घरी आणला, तर त्यात हिरोच मेला!"

"मधूनच कशाला सुरू केलंस? आणि तो जिवंत होतो गं पुढच्या अंकात. सगळेच होतात."

"काय? अगं, मी ह्यांना फोन करून ढसाढसा रडले!"

"हसले असतील."

"छे! तेही रडले. म्हणाले, उद्या संध्याकाळी पुढचा अंक आणतो, एकटीने वाचू नकोस."

"आत्या! त्यांना तर ते सगळं पाठ असणार."

"आणि तू आत्ताच गुपित फोडलंस! आता संध्याकाळी मला दचकायचं नाटक करावं लागणार."

"कर की. त्यांनी नाही का केलं?"

आत्या लाजून पदराशी चाळा करू लागली.

"चला, तुमचा नंबर आला," नर्सने ड्रायव्हरला हाक मारली.

"थांबा हो," तो बधिर जिभेने म्हणाला, "लग्नाची तारीख तरी कळू दे!"