जानूआबांनी न ओळखलेली फटफटी

थांबवा, टाळ थांबवा! मृदंगबुवा, तुम्हीही हात आवरा. हं... मंडळी, निरूपण झालं, आता आख्यानाकडे वळू. पण त्याआधी एक प्रश्न. उत्तर आत्ता देऊ नका, मनात ठेवा. माणसाला एखादी वस्तू वेड लावते, तेव्हा त्या वस्तूतलं नेमकं काय त्याला धरून ठेवतं? रंग? रूप? चकाकी? आणि दुसरा प्रश्न त्याच्याच पोटातला — जे आपल्याला धरून ठेवतं, ते आपण मिरवतो कोणासाठी?

आता बघा हं! दोन चाकांची, इंजिनाची गाडी पहिल्यांदा आपल्या गावाकडे आली, तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांनी तिला नाव काय दिलं? चाकावरून दिलं? नाही! वेगावरून? नाही! नाव दिलं — फटफटी! डोळ्यांनी जे दिसलं ते राहिलं बाजूला, कानांनी जे ऐकलं तेच नाव झालं. आणि आपल्या भाषेतला एक शब्द बघा — नाद. नाद म्हणजे आवाज. आणि नाद म्हणजे? वेड! "पोराला कसला तरी नाद लागलाय" म्हणतो की नाही आपण? दोन्हीला एकच शब्द! केवढी शहाणी माणसं असतील हो, ज्यांनी ही भाषा घडवली! कानातून आत गेलेलं सहजी बाहेर निघत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

तर ऐका. पाटणच्या वर, डोंगराच्या माथ्यावर एक सडा आहे. सडा म्हणजे खडकाळ पठार — दोन्ही बाजूंना खोल दऱ्या, मधे काळा कातळ, कातळावर गवत. त्या सड्यावर कारळवाडी नावाची धनगरांची वस्ती. वस्तीत गंगाराम झोरे, त्याची बायको भागूबाई आणि त्याचे वडील जानूआबा. घरात म्हशी. गंगाराम रोज दूध-खवा घेऊन खाली बाजारपेठेत जायचा, त्याचं पेढ्याचं छोटंसं दुकान होतं. वय चाळिशी ओलांडलेलं, मिशा भरघोस, माणूस सरळ. विडी नाही, तंबाखू नाही. सगळे म्हणायचे, गंगारामाला कसला म्हणून नाद नाही.

कसला म्हणून नाद नाही! असं कधी बोलू नये मंडळी. वरचा ऐकत असतो!

एक दिवस पुण्याकडचा एक पाहुणा दुकानासमोर थांबला. मोठी थोरली फटफटी. बसकी सीट, रुंद हँडल, राजानं सिंहासनावर बसावं तसा हा बसलेला. गाडी चालू ठेवूनच म्हणाला, "पावशेर पेढे द्या." गंगारामानं तागडी उचलली आणि — थांबला. कारण फळीवरच्या बरण्या थरथरत होत्या. हळूहळू, ठेक्यात. धुग्... धुग्... धुग्... धुग्...

काय आवाज होता म्हणता! बाकीच्या गाड्यांचा आवाज कसा असतो? एकात एक मिसळलेला, माशी घोंगावल्यासारखा. हिचं तसं नव्हतं. एकच मोठं सिलिंडर, सावकाश चालणारं. एक ठोका पडतो, मग मधे जागा राहते, मग दुसरा ठोका पडतो. त्या मधल्या जागेत माणसाचा श्वास बसतो हो! कानाला कळायच्या आधी छातीला कळतं. गंगाराम तागडी हातात धरून उभा. अंगावर काटा! पाहुणा म्हणाला, "अहो, पेढे!" गंगाराम म्हणाला, "पेढं घ्या हो सायेब, पैसं नगं. फकस्त बंद करू नगा तिला."

तुम्ही हसताय. पण असा एखादा आवाज तुमच्याही आयुष्यात असेल, ज्यानं तुम्हाला जागच्या जागी उभं केलं. नसेल, तर मला तुमची काळजी वाटते.

झालं! पुढची दोन-तीन वर्षं गंगारामानं खवा घोटला, तो त्या ठोक्यावर. भागूबाई म्हणायची, "अवं, कसला नाद लागलाय तुमास्नी?" तो म्हणायचा, "नादाचाच!" आणि एका दसऱ्याला काळी कुळकुळीत फटफटी सड्यावर आली. हार घातला, नारळ फोडला. सगळी वस्ती जमली. कोणी आरसा बघतंय, कोणी टाकी चोळतंय. जानूआबा मात्र लांब उभे.

का लांब? त्यांना दिसत नव्हतं म्हणून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. "आपरेशन नगं" म्हणायचे, "देवानं दिल्यात तेवढं पुरं." उजेड-अंधार कळायचा, बाकी सगळं धुरकट. त्यांना गाडीचं रूप काय दाखवणार? गंगारामानं वडलांचा हात धरला, टाकीवर ठेवला आणि गाडी सुरू केली. धुग्... धुग्... धुग्... आबांनी टाकीवरचा हात तसाच ठेवला. मग हळूच म्हणाले, "पोरा, ही तर जित्ती हाय रं!"

मंडळी, ज्यानं गाडी पाहिलीच नाही, त्यानं गाडी सगळ्यांत जास्त ओळखली!

आणि तिथून एक रिवाज पडला. आबा रोज म्हशी घेऊन सड्यावर जायचे. पायाखालची वाट लहानपणापासूनची, म्हशीच्या पाठीवर हात, चालायचं. दिवस कलला, की म्हशी घेऊन डांबरी रस्त्यालगतच्या जांभळीखाली येऊन थांबायचे. खाली घाटात गंगारामाची गाडी लागली, की आबांना कळायचं. म्हशीला सांगायचे, "आलं बग चंद्रे, आपलं पोरगं आलं." गाडी वर यायची. गंगाराम पुढे सावकाश चालवायचा, आणि मागून आबा, त्या ठोक्यांच्या मागोमाग, चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून घरी. ना काठी लागायची, ना कोणाचा हात! आणि घरी भागूबाईला आवाज गेला, की चुलीवर चहाचं आधण चढायचं. गाडी एकट्या गंगारामाची, पण तिच्या आवाजावर सगळं घर चालायला लागलं. काय अद्भुत आहे बघा — माणूस मागून येतो, आणि तो येणार ही खात्री आधी येऊन दारात उभी राहते!

पण... आहे ना, पण आहे! सुख आपल्याकडे आहे हे माणसाला फार दिवस कळू देत नाहीत. कोण? शेजारी! बाजारपेठ!

श्रावणातला दिवस. दुकानासमोर एक तरणाबांड आला, तसलीच गाडी घेऊन. पण तिचा आवाज? तोफ! कुत्री पळाली, पेढे घेणाऱ्या बाईच्या कडेवरचं पोर रडायला लागलं. तरणा गंगारामाच्या गाडीकडे बघून म्हणतो, "काका, गाडी आजारी हाय का? कन्हतीय नुसती!" आणि चार जण हसले.

चार जण हसले, मंडळी. एवढंच झालं. कोणी मारलं नाही, कोणी लुटलं नाही. पण चार जण हसले की आपल्याला आपलं घर लहान वाटतं, आपला सदरा जुना वाटतो, आपली बायकोसुद्धा... नको, पुढं नको, समोर माताभगिनी बसल्यात!

गंगाराम तडक मुनीर मिस्त्रीच्या गॅरेजात. "मिस्त्री, सायलेन्सर बदला." मुनीर म्हणाला, "कशाला भाऊ? कंपनीचा चांगला आहे की." "आवाज पायजे." आता गंमत बघा! सायलेन्सर म्हणजे काय? आवाज गप्प करणारा! आणि आपण सायलेन्सर घालतो कशाला? आवाज करायला! मुनीरनं जुना काढून कोपऱ्यात ठेवला, नवा बसवला. किक मारली. काय तो आवाज, काय तो आवाज! पत्रे हादरले. अख्खा रस्ता मान वळवून बघायला लागला. गंगारामाची छाती फुगली. दिवस कलला तसं दुकान बंद केलं आणि निघाला, सगळ्यांना ऐकवत.

घाटात शिरला, तर धुकं. श्रावणातलं सड्यावरचं धुकं तुम्ही पाहिलंय? पाहिलंय असं म्हणता येत नाही, कारण त्यात काही दिसतच नाही! हात पुढे केला तर बोटं गायब. दिव्याचा उजेड पांढऱ्या भिंतीवर आपटून परत डोळ्यांत येतो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. गंगाराम वर आला, जांभळीपाशी थांबला. आबा नाहीत.

"आबा!"

उत्तर नाही. पुढे गेला, वस्तीच्या फाट्यापर्यंत. नाहीत. परत आला. नाहीत. आता गंगारामानं काय करावं? त्यानं विचार केला, आबांना आवाज पोचला नसंल. मोठा करू! आणि पिळला अॅक्सिलरेटर! डोंगर दणाणले. या दरीतून आवाज, त्या दरीतून आवाज, चहूकडून आवाज. आणखी पिळला. "आबाऽऽ! आबाऽऽ!" पण स्वतःची हाक त्याच्या स्वतःच्याच कानाला ऐकू येईना!

घाबरून त्यानं चावी फिरवली. गाडी बंद केली.

...

ऐका. अशी शांतता. सड्यावर फक्त धुकं हलतंय, आणि गवतावरून पाणी ठिबकतंय. मग — टिण्. म्हशीच्या गळ्यातली घंटा! कुठून? रस्त्याच्या पलीकडून! पलीकडे काय आहे? पलीकडे कडा आहे! आणि त्याच अंगानं, अगदी हाताच्या अंतरावरून म्हणावा असा, म्हाताऱ्याचा आवाज आला. आबा म्हशीशी बोलत होते. शांतपणे. समजूत घालत होते.

"उबी ऱ्हा चंद्रे. भिऊ नगं. कसला तरी ट्रक आलाय, लईच माजलाय. जाऊ दे त्येला. आजून मागं सर. आपला गंगाराम यायचा हाय आजून."

मंडळी!

पोरगा समोर उभा आहे, आणि बाप त्याची वाट बघतोय! पोराच्याच आवाजाला भिऊन बाप कड्याच्या दिशेनं मागं सरतोय! जो आवाज त्याला घरी न्यायचा, तोच आज त्याला दरीकडे ढकलतोय! ओरडावं, तर म्हातारा दचकायचा. आणि दचकून एक पाऊल मागं पडलं, तर? त्यानं ओठ घट्ट मिटले, अगदी श्वास आवरला. मग लहानपणी तापात हाक मारायचा ना, तशी हळू हाक मारली.

"आबा... म्या हाय. तिथंच थांबा. पाय हलवू नगा."

"गंगाराम? कवा आलास रं? गाडीचा आवाज न्हाई आला तुझ्या!"

गंगाराम धुक्यात हात चाचपत पुढे गेला, आधी म्हशीचं शिंग लागलं, मग बापाचं मनगट. घट्ट धरलं. रस्त्यावर आणलं. आबांच्या टाचेमागून एक दगड सुटला होता, तो खाली गेला. खाली पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

आबांनी सवयीनं गाडीच्या टाकीवर हात ठेवला. हात चटकन मागं घेतला. "ही तापलीय की रं! मग मगाशी जे वरडत हुतं, ते..." आणि थांबले. समजले. रागावले नाहीत हो! रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "पोरा, तुजा आवाज कुटं गेला?"

गंगाराम बापाच्या पायांवर पडला. चिखलात. ढसाढसा रडला. भरघोस मिशांचा माणूस!

आता घरी जायचं कसं? गाडी सुरू करायची त्याची हिंमत होईना, ती ढकलतच न्यायची. दोन्ही हात हँडलला. आबा मागं उभे. म्हणाले, "चल म्होरं. पर आवाज कर की. कुटं चाललाईस मला कळंना."

आणि मंडळी, मग त्या सड्यावर जे घडलं, ते डोळ्यांसमोर आणा. धुकं भरलंय. चाळिशी ओलांडलेला बाप्या बंद फटफटी ढकलतोय, डोळ्यांतून धार लागलीय, आणि तोंडानं, लहान पोरं गाडी-गाडी खेळतात तसा, आवाज काढतोय — धुग्... धुग्... धुग्... धुग्... मधे तेवढीच जागा सोडून! हुंदका आला तर ठोका चुकायचा, की परत पहिल्यापासून. आणि मागून आंधळा म्हातारा, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, निर्धास्त चालतोय. "हां," म्हणतोय, "आता वळाकलं. आता आलास."

वस्तीवर भागूबाई दारात उभी होती. मघाशी डोंगर दणाणले, तेव्हा तिनं आधणाला हातही लावला नव्हता. ही बारीक धुगधुग कानावर आली, आणि तिनं आधण ठेवलं!

सकाळी गंगाराम मुनीरच्या दारात. मुनीरनं कोपऱ्यातला जुना सायलेन्सर उचलून परत बसवला. गाडी सुरू झाली. तोच ठोका, तीच मधली जागा. बाजारपेठेत कोणी मान वळवून बघितलं नाही. गंगारामानंही बघितलं नाही, कोण बघतंय ते.

आता माझ्याकडे बघा. ही गोष्ट गाडीची वाटली तुम्हाला? ज्यांनी गाड्या बाहेर लावल्यात, ते खाली बघायला लागलेत, त्यांना सोडून देऊ. मी बाकीच्यांना विचारतो. तुमचा म्हणून एक आवाज होता. आईनं ओळखावा असा, बायकोनं पावलांवरून ताडावा असा. त्या आवाजावर कोणीतरी तुम्हाला जीव लावला. मग चार जण हसले. आणि तुम्ही तो बदललात! बोलणं मोठं झालं, हसणं मोठं झालं, लग्नातला डीजे मोठा झाला. रस्ता वळून बघायला लागला. पण घरी फोन केल्यावर आई जर विचारत असेल, "कोण बोलतंय?", तर मोबाइलच्या रेंजला दोष देऊ नका. तुम्ही कोणाच्या आवाजात बोलताय, ते बघा.

नादात ताकद आहे मंडळी, फार मोठी ताकद. तो माणसाला वेड लावतो, वाट दाखवतो आणि कड्यापर्यंतही नेतो. तो कोणत्या कानासाठी केलाय, एवढ्यावर सगळं आहे.

चला, नाम घेऊ आणि उठू. पण आज कर्णा बंद करा. होय, बंदच करा! शेजाऱ्याच्या वरताण ओरडायचं नाही, गावाला ऐकवायचं नाही. ज्याचा जसा आवाज आहे, चिरका, भसाडा, थरथरता, त्याच आवाजात हळू म्हणा. कधीपासून विटेवर वाट बघत उभा आहे तो. त्यानं ओळखलं पाहिजे ना, आपलंच पोर आलंय म्हणून!