फळा भरल्याशिवाय चहा नाही

सिंदफणा नौका मंडळाच्या आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय विजयसिंहदादा. व्यासपीठावर आवर्जून उपस्थित राहिलेल्या क्रीडा अधिकारी प्रियदर्शनीताई. आजचे सत्कारमूर्ती रामहरीभाऊ. ज्यांच्यासाठी इथं वर खुर्ची मांडली होती, पण ज्या हट्टानं खाली तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या त्या रामहरीभाऊंच्या पत्नी भिवराबाई. माजलगावातून, चकलांब्यातून, एसटीनं, मोटारसायकलवर तिघं तिघं बसून आलेले पालक. आणि शर्यत आटोपून ओल्या कपड्यांनिशी सतरंजीवर बसलेल्या माझ्या लेकरांनो. सर्वांना तानाजीचा मनापासून नमस्कार.

सुरुवातीलाच एका गोष्टीची दिलगिरी. मागं सरस्वतीबाईंच्या चुलीवर चहा उकळतोय, आल्याचा वास सगळ्यांना आलाय, मलाही आलाय. पण चहा मिळणार नाही. का, ते कळण्यासाठी दाराजवळच्या त्या लाकडी फळ्याकडं बघा. फळ्यावर अकरा खिळे आहेत. प्रत्येक खिळ्याला एका होडीचा पितळी बिल्ला. पाण्यावर जाताना बिल्ला काढून गळ्यात घालायचा, परत आल्यावर आपल्या हातानं खिळ्याला लावायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस पाण्यावर. आणि फळा भरल्याशिवाय चहा नाही, हा या मंडळाचा पहिला नियम. तो रामहरीभाऊंनी घातला. त्यांच्याच निरोपाला तो मोडायचा का?

आता नऊ नंबरचा खिळा रिकामा आहे. चकलांब्याची राजनंदिनी अजून पाण्यावर आहे. तुमची पाण्याकडं पाठ आहे, मला इथून दिसतंय. शर्यतीच्या वळणावरच्या पिवळ्या फुग्याच्या अलीकडं वारं पडलंय, शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबतंय. हल्ली मोटारबोट सांभाळणारे सटवाभाऊ ती घेऊन तिच्या शेजारी उभे आहेत, दोर दाखवतायत. पोरगी दोर घेत नाही. दोर घेतला की शर्यतीतून बाद, आणि तिला या मोसमाच्या चषकासाठी एकच गुण हवाय. पश्चिमेला मात्र आभाळ काळं धरलंय. या तळ्यावर वारं पडतं ते झोपायला नाही, दुसरीकडून उठायला. तेव्हा फळा भरेपर्यंत मी बोलणार आहे. दादा, तुम्हाला पुढं कुठं जायचं असेल, तर आज थोडा उशीर होऊ द्या. मागं एकदा तुम्हाला उशीर होऊ नये म्हणून आम्ही घाई केली होती. त्या घाईवर मला यायचंच आहे.

निरोपाच्या भाषणात माणूस दुसऱ्याबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दलच बोलतो. मीही दोन वाक्यं बोलून घेतो. मी शिरूर कासारचा. आईबाप कोयता घेऊन दरसाल ऊसतोडीला बाहेर. मला शाळेपेक्षा कारखान्याच्या गेटाबाहेरचं शिलाई मशीन जास्त आवडलं. ट्रॉलीवरच्या ताडपत्र्या शिवल्या, तंबू शिवले, लग्नाचे मांडव शिवले. मंडळाचं पहिलं शीड फाटलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, पुण्याला पाठवा. मी म्हणालो, कापडच आहे ना? आणा इकडं. तेव्हापासून या मंडळाचं एकही शीड माझ्या मशीनखालून गेल्याशिवाय पाण्यावर गेलेलं नाही. पुढं तुम्ही मला अध्यक्ष केलंत. इंग्रजी येत नसलेला अध्यक्ष. पण तुम्ही सांभाळून घेतलंत.

माझ्या कानांची तुम्ही फार तारीफ करता. सुई मोडायच्या आधी मशीनचा आवाज बदलतो, तो मला कळतो. डोळे मिटून बसलो तरी फडफडीवरून कुठली होडी वळली ते सांगतो. पैजा लावून माझ्याकडून चहा उकळणारी मंडळी इथं बसली आहेत. हसू नका, नावं घेईन.

तर रामहरीभाऊ. हे आधी कारखान्याच्या गाडीतळावर होते. शेकडो बैलगाड्या, प्रत्येकाला नंबरचा बिल्ला, कोण आत, कोण बाहेर, ते फळ्यावर. तीच रीत त्यांनी इथं आणली. चौदा वर्षं त्यांनी मोटारबोट चालवली. शर्यत चालू असताना कधी ते बसलेले पाहिले का कुणी? मी एकदा म्हणालो, "रामहरीभाऊ, टेका की जरा." तर म्हणाले, "शेठ, बसलं की लाटंमागचं दिसत न्हाई." चौदा वर्षांत पंचाहत्तर-ऐंशी वेळा तरी त्यांनी उलटलेल्या होड्या सरळ केल्या असतील. एकालाही रागावले नाहीत. वर ओढून घ्यायचे आणि विचारायचे, "पाणी कसंय?"

अशा माणसाच्या हातातून बोटीची किल्ली का गेली? सतरा महिने हे कोठीत बसून दोऱ्या का मोजत होते? त्याचं कारण या भिंतीवर, फळ्याच्या शेजारीच काचेत लावलंय. अहवाल. "फळ्याची जबाबदारी असताना खातरजमा न करता बोट किनाऱ्याला लावली." खाली सही माझी.

आज सकाळी भिवराबाई माझ्या दुकानात आल्या. मी म्हणालो, या वहिनी, शाल बघता का, भाऊंसाठी चांगली आणलीय. त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "शेठ, शाली घरात दोन हायती. ह्यांचं नाव तेवढं धुऊन द्या. तुमी बोलता, का मी उठून बोलू?"

वहिनी, मीच बोलतो.

गेल्या वर्षीचा मे महिना, दुसरा रविवार. लग्नतिथी दाट. बक्षीस द्यायला दादा आले होते आणि त्यांना पुढं तीन लग्नं गाठायची होती. होड्या एकेक करून लागत होत्या. काही शेडमध्ये, काही गाड्यावर, काही चिखलात आडव्या. फळ्यावर एकच खिळा रिकामा होता, नऊ, राजनंदिनीचाच. रामहरीभाऊ बोट घेऊन पाण्यावर उभे होते, कारण फळा भरलेला नव्हता. आणि फळा भरलेला नव्हता म्हणून सरस्वतीबाई चहा गाळत नव्हत्या. दादा घड्याळ बघत होते. आता मला सांगा, माजलगावात आलेला पाहुणा चहा न घेता जाऊ द्यायचा? मी अध्यक्ष असताना? इकडून कुणीतरी कुजबुजलं, "शेठ, बघा ना काहीतरी." मी इकडं तिकडं बघितलं, तर बिस्किटाच्या ताटाशेजारी नऊचा बिल्ला पडलेला.

मला वाटलं, पोर आली, बिल्ला ठेवून गेली कपडे बदलायला. लेकरं करतात असं. खरं तर जाताना लाइफ जॅकेट बांधायला तिनं तो टेबलावर ठेवला आणि घाईत तसाच विसरली होती. पण मी विचारलं का? शेडमध्ये डोकावलो का? नाही. बिल्ला उचलला आणि खिळ्याला लावला. या हातानं. रामहरीभाऊंना लांबून फळा दाखवला, या म्हणून हात केला. ते आले. त्यांनी इंजिन बंद केलं. चहा गाळला गेला.

कौशल्याबाई, तुमच्या लेकीचंच सांगतोय, बसा. खाली बसा, मी पूर्ण सांगतो.

मी माइक घेतला. दादांचं स्वागत सुरू केलं, आणि उत्तरेकडून धुळीची भिंत उठली. त्या आवाजात मला एक फडफड ऐकू आली. नऊ नंबरच्या शिडाच्या खालच्या कोपऱ्याला मी ताडपत्रीचं ठिगळ लावलं होतं. ते शीड सुटलं की साधं फडफडत नाही, दोनदा वाजतं, फट-फटक, फट-फटक. साऱ्या मराठवाड्यात तो आवाज ओळखणारा माणूस एकच, आणि तो माइकवर होता. मला ऐकू आलं. माझ्या लक्षात आलं. मी मनाला म्हणालो, मांडवाची कनात असेल. आणि पुढचं वाक्य बोललो. कुठलं वाक्य, तेसुद्धा आठवतं. "दादांच्या रूपानं आपल्याला मोठा आधार लाभला आहे."

रामहरीभाऊंच्या हातात चहाचा कप होता, अजून ओठाला लावला नव्हता. त्यांनी फळ्याकडं नाही, डोलकाठ्यांकडं बघितलं. बोटानं मोजलं. कप खाली ठेवला. माझ्याजवळ आले.

"शेठ, काठ्या दहाच हायती. नऊचा बिल्ला कुणी लावला?"

मी माइकवर तळवा ठेवला आणि म्हणालो, "तिनंच लावला असंल. मला काय ठाऊक?"

मंडळी, एवढंच. सतरा महिने जे काही झालं ते या एका वाक्यातून. रामहरीभाऊंनी माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि पळत सुटले.

मेमध्ये पाणी उतरलेलं असतं, बुडालेल्या बाभळींचे खुंट वर आलेले. धुळीत दहा हात पुढचं दिसत नव्हतं. अशा वाऱ्यात बोटीचं इंजिन बंद करणं म्हणजे खुंटावर जाऊन फुटणं. यांनी ते बंद केलं. का? ऐकायला. ज्याच्या कानांची कुणी तारीफ केली नाही, तो माणूस जीव धोक्यात घालून ऐकत होता. आणि ज्याच्या कानांवर पैजा लागतात, तो ऐकून गप्प होता. त्यांनी चारदा इंजिन बंद केलं. चौथ्यांदा शिट्टी ऐकू आली, लाइफ जॅकेटला असते ती. चाळीस मिनिटांनी राजनंदिनीला घेऊन आले, तेव्हा उलट्या होडीची कड धरून धरून पोरीची बोटं उघडत नव्हती. ती एकच म्हणत होती, "मी बिल्ला लावलाच न्हाई." आम्ही काय म्हणालो? घाबरलीय, तिला आठवत नाही.

थांबा. ऐका.

वारं फिरलं. कनातीच्या काठ्या धरा, त्या डाव्या बाजूच्या. लेकरांनो, पळू नका, धरून बसा फक्त. मला पाणी दिसतंय. नऊचं शीड भरलंय, होडी कलंडतेय... पोरीनं अंग बाहेर टाकलंय. सटवाभाऊ मागंच आहेत. रामहरीभाऊ, कुठं निघालात? अहो, अजून शाल...

जाऊ द्या त्यांना. कुणी अडवू नका. सत्कारमूर्तींची खुर्ची रिकामी राहिली तरी चालेल. सतरा महिने त्या माणसाला जेट्टीवर पाय ठेवू दिला नाही आपण.

मी बोलतो. बोलायचंच ठरलंय.

नंतर एकदा मी कोठीत गेलो, दार लावलं आणि विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?" म्हणाले, "तुमच्या बोटाला बिस्किटाचं क्रीम होतं, अन् बिल्ल्यालाबी." मी म्हणालो, "मग बोलला का नाहीत?" तर म्हणाले, "मी तरी काठ्या कुठं मोजल्या बोट लावताना? फळा बघितला न् आलो. माझीबी चूक हायच की. तुमची तुमी बघा." तुमची तुम्ही बघा! मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी बघत राहिलो सतरा महिने, आणि अहवाल काचेत राहिला.

कौशल्याबाई, तुमची लेक त्यांनी आणून दिली आणि तुम्ही त्यांना आजतागायत रामराम घातला नाहीत. तो राग माझा होता. आजपासून माझ्याकडं पाठवा. मी घेईन.

दादा, हा नवा अहवाल, माझ्या सहीचा. खाली अध्यक्षपदाचा राजीनामा आहे. दादा म्हणतायत, हे घरी बोलू. नको दादा. घरी बोलू, घरी बोलू म्हणतच माझे इतके दिवस गेले. चारचौघांत नाव गेलं, चारचौघांतच परत द्यायचं. नव्या कमिटीला एकच विनंती, भाऊंचं वय झालं म्हणून निरोप द्यायचा तो द्या, पण शर्यतीच्या दिवशी जेट्टीवर एक खुर्ची त्यांची ठेवा. बसणार नाहीत ते, पण ठेवा.

आता वारं अंगावर आलंय. होडी... वळली. फुग्याला वळसा घातला. दोन वेळा वाजतंय ते तुम्हाला ऐकू येतंय का? फट-फटक. ते ठिगळ मी मुद्दामच तसंच ठेवलंय. वळली, सरळ येतेय. रामहरीभाऊंनी जेट्टीवरून दोर टाकलाय. पोरीनं अजूनही घेतला नाही, शेवटची रेघ बाकी आहे ना! ...आता घेतला.

राजनंदिनी, ये. ओली आहेस तशी ये. कुणी मदत करू नका तिला. तिच्या हातानं.

ऐकलंत? नसेल ऐकलं. पितळ खिळ्याला लागलं. नऊ.

सन्माननीय अध्यक्ष, ताई, पाहुणे आणि पालक, आपण येऊन आम्हाला मान दिलात, उपाशी तोंडानं एवढं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मंडळाच्या वतीनं आभार. बोलण्यात काही जास्त-कमी झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. बिल्ल्याचं मात्र कुणी पोटात घालू नका. त्याची माफी देण्याचा हक्क एकाच माणसाला आहे, आणि तो बाहेर उभा आहे.

पण घाई नको. फळा भरलाय, तरी ते तिकडं बोटानं काठ्या मोजतायत. आठ... नऊ... दहा...

हात वर केला. अकरा.

सरस्वतीबाई, गाळा चहा. पहिला कप जेट्टीवर न्या. त्यांचा एक कप गेल्या वर्षीच्या मेपासून राहिलाय.